वर्षातून दोन सहली आणि प्रवास-छायाचित्रकार होण्याची इच्छा

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात राहते आणि तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत लिपिक आहे. रोज एसटीने ये-जा करते. भावाचा जुना डीएसएलआर कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स माझ्याकडे आहे. प्रवास-छायाचित्रकार व्हावे असे मनापासून वाटते, पण नोकरी, घर आणि पैसा यांमुळे वर्षातून दोनदाच बाहेर पडणे जमते. मागच्या वर्षी लोणार आणि चिखलदरा पाहिले. प्रत्येक ठिकाणाहून तीन-चारशे फोटो आणले, पण ते सगळे इतरांच्या फोटोंसारखेच दिसतात. आमच्या गावात पराटी (कपाशी), तूर आणि ऊन याशिवाय काढण्यासारखे काही नाही. सत्तर हजार रुपये साठले आहेत. त्यातून नवा कॅमेरा घ्यावा, की लडाखची सहल करावी?

उत्तर : प्रिय ताई, तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. या वर्षी यांपैकी काहीही करू नका. पैशांचे काय करता येईल ते पुढे लिहितोच, पण त्याआधी तुमचे लोणारचे फोटो इतरांसारखे का आले, याचा विचार करायला हवा, कारण तेच कारण लडाखलाही तुमच्यासोबत येणार आहे.

लोणारला आलेला बहुतेक पाहुणा दुपारच्या आत-बाहेर पोहोचतो, विवराच्या काठावरच्या त्याच दोन-तीन जागी उभा राहतो, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर एका चौकटीत बसवण्याचा प्रयत्न करतो, दैत्यसूदन मंदिराच्या शिल्पांचे काही फोटो घेतो आणि संध्याकाळच्या बसने परततो. जागा तीच, वेळ तीच, मुक्काम तेवढाच. मग फोटो वेगळे येणार कुठून? आता २०२० मधला जून महिना आठवा. टाळेबंदीमुळे पर्यटक घरी होते आणि त्याच काळात लोणारचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. ते पाणी रंग बदलत असताना दिवसागणिक पाहण्याची संधी फक्त आसपास राहणाऱ्यांना होती, कारण त्यांनी ते हिरवेही पाहिले होते. लांबून आलेला माणूस कितीही महागडा कॅमेरा घेऊन आला, तरी त्याच्याकडे ‘कालचे’ दृश्य नसते. माझा संपूर्ण सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे: एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्याची सोय ज्याच्याकडे आहे, त्याने ती वापरायला शिकावे. प्रवासाच्या छायाचित्रणाची खरी तालीम तिथेच होते.

चेक छायाचित्रकार योसेफ सुडेक यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्राग शहरात मोकळेपणाने कॅमेरा घेऊन फिरणे अवघड झाले, तेव्हा ते आपल्या स्टुडिओच्या खिडकीकडे वळले आणि १९४० ते १९५४ या काळात त्या खिडकीचे फोटो काढत राहिले. काचेवरचे दव, बाहेरचे वाकडे झाड, खिडकीत ठेवलेला पेला. जगभरचे छायाचित्रकार आजही ते फोटो अभ्यासतात. तुमच्याकडे तर खिडकीही आहे आणि ती दररोज दोनदा चालतीही होते.

म्हणून एसटीपासूनच सुरुवात करा. लेन्सची झूम-कडी ३५ वर आणा आणि चिकटपट्टी लावून तिथेच पक्की करा. तुमच्या कॅमेऱ्यात ही लेन्स ३५ वर साधारण डोळ्याला दिसते तसेच दृश्य देते. झूम बंद झाली की पुढे-मागे सरकण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि कुठे उभे राहायचे हे पायांना कळू लागते. महिनाभर पट्टी काढू नका. धावत्या बसमधून फोटो घेताना शटरचा, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या झडपेच्या उघडझापीचा, वेग सेकंदाच्या एक हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा आणि लेन्स काचेला टेकवू नका, कारण गाडीची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. तरीही खिडकीबाहेरच्या दृश्यांचा मोह फार धरू नये असे मला वाटते. खरा मजकूर बसच्या आत आणि थांब्यावर असतो: शाळेच्या मुलींचे घोळके, दवाखान्यात निघालेले म्हातारे जोडपे, आठवडी बाजाराच्या दिवशी पायाशी ठेवलेली वांग्यांची पाटी, हात वर करून वाहक-चालकांशी बोलणारा कास्तकार. एका आठवड्यात फक्त वाट पाहणाऱ्यांचे फोटो घ्या, दुसऱ्या आठवड्यात फक्त हातांचे, तिसऱ्यात फक्त सावल्यांचे. रोज दहापेक्षा जास्त वेळा बटण दाबू नका. मर्यादा लहान वाटेल, पण चारशे फोटोंची सवय मोडायला ती पुरते.

आता उन्हाविषयी, कारण तुम्ही ते तक्रारीच्या यादीत घातले आहे. आपल्याकडचे ऊन हा छायाचित्रकारासाठी सर्वांत कठोर आणि म्हणूनच सर्वांत चांगला शिक्षक आहे. विदर्भ कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात एका दुपारी उभ्या खांबाची सावली काही क्षण नाहीशीच होते. त्या दिवसांत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत उघड्यावर माणसाचा चेहरा टिपला, तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आणि कपाळावर पांढरा डाग एवढेच हाती येते. अशा वेळी उन्हाशी झुंजू नये. माणूस गुरांच्या कोठ्याच्या दारात, कडुनिंबाखाली किंवा ओसरीवर बसलेला असेल, तर बाहेरच्या जमिनीवरून परतलेला उजेड त्याच्या चेहऱ्यावर खालून आणि बाजूने मऊ पडतो. आपल्या भागातील उत्तम व्यक्तिचित्रे भर दुपारी दारांच्या चौकटीतच मिळतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा दिवसभर सावल्या लांब राहतात आणि सकाळचे धुके असेल तर कामाला लागण्याआधीच निम्मे काम होऊन जाते.

पराटीविषयीही असेच. तुमच्या शेतात जगातील सर्वांत अवघड छायाचित्रण-प्रसंगांपैकी एक रोज उभा असतो आणि तुम्ही त्याला काहीच नाही म्हणता. कॅमेऱ्यातील उजेड मोजणारी यंत्रणा समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरते. त्यामुळे वेचलेल्या कापसाचा ढीग चौकटभर घेतला की कॅमेरा ‘उजेड फार झाला’ असे समजून फोटो काळवंडवतो आणि पांढरा कापूस मळकट राखेसारखा येतो. उलट, नांगरलेली काळी माती चौकटभर घेतली की तो ती उजळ करतो आणि आपली काळी कसदार जमीन फिकट तपकिरी दिसू लागते. उपाय साधा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचे बटण असते. कापसाच्या ढिगासाठी ते अधिक एकच्या आसपास न्या, ओल्या काळ्या मातीसाठी उणे एकच्या आसपास. मोबाइलवर काढत असाल तर बोट टेकवून तो उजेडाचा छोटा सूर्य वर-खाली सरकवा. खरी कसोटी मात्र दोन्ही एकाच चौकटीत असताना लागते: काळ्या जमिनीवर उभी बाई, पाठीला बांधलेल्या ओटीत कापूस, वर अकराचे ऊन. तेव्हा कापसातील धाग्यांचा पोत टिकवायचा आणि मातीला काळी होऊ द्यायचे, की मातीतील ढेकळे दाखवायची आणि कापूस कोरा पांढरा पडू द्यायचा, याचा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. मी पहिला पर्याय निवडतो, कारण पांढऱ्यातील गेलेला तपशील नंतर परत आणता येत नाही, काळ्यातील थोडाफार येतो. कापूस वेचणीच्या हंगामात हे जमले, तर पुढे बर्फ असो की वाळवंट, उजेड मोजताना तुमचा हात अडणार नाही.

इथपर्यंत एकेका फोटोचे झाले. तुमच्या पत्रातला सल मात्र वेगळा आहे असे मला वाटते. तुमचे फोटो इतरांसारखे दिसतात यापेक्षा ते एकमेकांशी काही बोलत नाहीत, ही अडचण मोठी आहे. दृश्यांतून गोष्ट सांगणे म्हणजे सुंदर फोटोंची रांग लावणे नव्हे. अमेरिकेतील छायाचित्रकार युजीन स्मिथ यांनी १९४८ मध्ये कोलोरॅडोतील एका छोट्या गावाच्या डॉक्टरसोबत २३ दिवस घालवले. ‘लाइफ’ साप्ताहिकात ती चित्रकथा आली तेव्हा तिच्यात निसर्गरम्य असे फारसे काही नव्हते; जखमी मूल, हताश आईबाप, थकलेला डॉक्टर स्वयंपाकघरात कॉफी घेऊन उभा. पण एका फोटोतून पुढच्या फोटोचा प्रश्न निर्माण होत होता.

आपल्या पोळ्याचे उदाहरण घ्या. दरवर्षी हजारो लोक तोरणाखाली उभ्या केलेल्या, झुली घातलेल्या, शिंगे रंगवलेल्या बैलांचे फोटो काढतात आणि ते सगळे एकच फोटो असतात. पोळ्याची गोष्ट मात्र आदल्या संध्याकाळी सुरू होते, जेव्हा घरधनी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून शेकतो आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणत त्याला निमंत्रण देतो. खांदा हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण वर्षभर जू तिथेच बसले आहे आणि तिथली कातडी कशी झाली आहे हे जवळून दाखवणारा एक फोटो नसेल, तर दुसऱ्या दिवशीच्या झुलीला काही अर्थच उरत नाही. मग सकाळी नदीवर किंवा टाकीवर बैल धुणे, दुकानातून आणलेले रंग आणि गोंडे, घरातल्या बाईने पुरणाचा ताट घेऊन दारात थांबणे, झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणणाऱ्याचा ताणलेला गळा, तोरण तुटल्यावरची धावपळ. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदी ओढणारे पोर. आणि कुणाच्या तरी रिकाम्या कोठ्याचा एक फोटो, कारण ट्रॅक्टर आल्यावर कित्येकांनी बैलजोडी विकली आहे आणि तो माणूसही त्या संध्याकाळी तोरणापाशी उभा असतो. या शेवटच्या माणसाकडे कॅमेरा वळला की तुमचा पोळा इतरांच्या पोळ्यापासून वेगळा होतो. त्याला शोधण्यासाठी गाव माहीत असावे लागते. दिल्लीहून आलेल्या छायाचित्रकाराला ते दोन दिवसांत कळणार नाही. तुम्हाला ते आजही माहीत आहे.

निवड करताना निष्ठुर व्हा. शे-दीडशे फोटोंतून आठच ठेवा. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर दिसायला सुंदर असला तरी एक काढून टाका. दूरचे दृश्य, माणूस आणि काम, अगदी जवळचा तपशील असा आलटून-पालटून क्रम लावा, पण तो नियम म्हणून पाळू नका. आठही फोटो हातांचेच असलेली उत्तम मालिका होऊ शकते. मोबाइलच्या पडद्यावर निवड करू नये. लहान प्रिंट काढून त्या रात्री जमिनीवर पसरा, आठवडाभर येता-जाता पाहत राहा, क्रम बदला. कुठला फोटो रोज थांबवतो आणि कुठला दोन दिवसांत मुका होतो हे आपोआप उमगते. प्रत्येक फोटोखाली दोन वाक्ये मराठीत लिहा: कोण, कुठे, केव्हा, काय करत आहे. ‘आयुष्याचा संघर्ष’ यांसारखे शब्द त्या दोन वाक्यांत येऊ देऊ नका. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर वजनाचा काटा लागतो, एवढे लिहिले की काट्याच्या सुईकडे पाहणाऱ्या बाईच्या चेहऱ्याला आणखी विशेषणाची गरज पडत नाही.

एका बाबतीत मात्र मला कठोरपणे लिहावे लागेल. यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले, आणि त्या दुःखाचे फोटो काढायला गेली कित्येक वर्षे बाहेरून माणसे येत आहेत. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली विधवेला बसवायचे, ‘थोडं इकडे बघा’ म्हणायचे आणि निघून जायचे. त्या बाईचे नाव कुणाच्या लक्षात राहत नाही आणि छापलेला फोटो तिच्यापर्यंत कधी पोहोचत नाही. सुरकुतलेल्या म्हाताऱ्यांचे, नागड्या पोरांचे, मागाहून रंग गडद केलेले फोटोही मला याच जातीचे वाटतात. तुम्ही तिथल्याच आहात, उद्या त्याच बसमध्ये तीच बाई तुमच्या शेजारी बसणार आहे, त्यामुळे तुम्हाला ही सवलत नाही आणि ते तुमचे भाग्य आहे. आधी बोला, मग विचारा, मग फोटो काढा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो दाखवा आणि पुढच्या आठवड्यात छापील प्रत हातात द्या. नाही म्हटले तर कॅमेरा खाली. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय काहीच नको. प्रत दिल्याने आणखी एक गोष्ट होते: तिसऱ्या भेटीपर्यंत लोक तुमच्यासमोर पोझ घेणे सोडून देतात आणि मग खरे फोटो मिळू लागतात.

तुम्हाला बाई म्हणून एकटीने हिंडण्याची अडचण असेल हे मी गृहीत धरतो, तुम्ही ती लिहिली नसली तरी. पण वेचणीच्या रांगेत, स्वयंपाकघरात, बचत गटाच्या बैठकीत, बाळंतिणीच्या खोलीत जो प्रवेश तुम्हाला सहज मिळतो, तो माझ्यासारख्याला कधीच मिळणार नाही. माझ्या मते तुमचे पहिले मोठे काम तिथूनच निघेल.

प्रवासाची ओढ शमवायची असेल तर तुमच्या दारातच एक विषय पडून आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद मापाची शकुंतला रेल्वे दारव्हा मोतीबाग स्थानकावरून जायची. वऱ्हाडातला कापूस मुख्य रेल्वेमार्गापर्यंत नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका खासगी ब्रिटिश कंपनीने ती बांधली. १९९४ मध्ये वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले आणि नंतर गाडीच थांबली. दुसरीकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मापाच्या नव्या मार्गाचे काम चालू आहे. त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला आणि नियोजित मार्ग तुमच्या दारव्ह्यावरून जातो. एक गाडी गेली आहे, दुसरी यायची आहे, आणि मधल्या काळात लोक तुमच्याच एसटीत उभे राहून प्रवास करत आहेत. जुन्या गाडीने शाळेला गेलेले, माहेरी गेलेले, कापसाचे गाठोडे घेऊन गेलेले लोक तुमच्या तालुक्यात अजून आहेत. त्यांना भेटा, जुन्या स्थानकांवर जे काही उरले आहे ते प्रत्येक ऋतूत त्याच जागेवरून टिपा, नव्या मार्गासाठी बदलत जाणारी जमीन टिपा. बांधकामाच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. दोन-तीन वर्षांचे हे काम आहे, रविवारच्या रविवारी होणारे, आणि जाण्या-येण्याचा खर्च तिकिटापुरता.

अशा कामाला वाचक कुठे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मूळचे अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे आयुष्य वर्षानुवर्षे टिपले. ज्या शहरात लोक समुद्र आणि दिवे टिपायला येतात, तिथे त्यांनी कचरा उचलणाऱ्यांकडे पाहिले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात गावाकडच्या कामांच्या, कलांच्या, प्रवासांच्या चित्रकथा मराठीसह अनेक भाषांत प्रसिद्ध होतात. तिथल्या काही कथा आवाज बंद केलेल्या चित्रपटासारख्या, मजकूर झाकून, फक्त फोटोंच्या क्रमाने पाहा. कुठे गोष्ट तुटते हे टिपून ठेवा. तालुक्याच्या वार्ताहराला, दिवाळी अंकांच्या संपादकांना आठ फोटोंची मालिका पाठवायला संकोच करू नका. मोबदला न देता ‘नाव छापू’ म्हणणाऱ्यांना पहिल्या एक-दोन वेळेनंतर नम्रपणे नकार द्या.

राहिले पैसे. दहा हजारांच्या आसपास मिळणारी ५० मिलिमीटरची, मोठ्या छिद्राची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, साधी लेन्स घ्या. कंदिलाच्या किंवा एका बल्बच्या उजेडात ती तुमच्या सध्याच्या लेन्सपेक्षा कितीतरी पटींनी उपयोगी पडेल. फोटोंच्या दोन प्रती ठेवण्यासाठी एक हार्ड डिस्क घ्या, दुसरी प्रत भावाच्या घरी ठेवा. वर्षभराच्या प्रिंटसाठी काही रक्कम बाजूला काढा. उरलेले पैसे तुमच्याच पतसंस्थेत राहू द्या आणि एक वही करा. कॅमेऱ्यामुळे एखादा फोटो हुकला, की तारीख घालून त्याचे कारण तिच्यात लिहा: अंधारात फोकस बसला नाही, शंकरपटात बैल धावताना कॅमेऱ्याचा वेग पुरला नाही, पावसात कॅमेरा बाहेर काढता आला नाही. पुढच्या पोळ्यापर्यंत एकच कारण वारंवार आलेले दिसले, तर कुठला कॅमेरा घ्यायचा हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही. वही भरली नाही, तर तिकीट काढून लडाखला जा, आहे तोच कॅमेरा घेऊन, आणि एकाच गावात सहा दिवस राहा.